नागपुरात लाकूडकाम शिकताना: आधी पाट, मग स्टूल

हाताने फर्निचर करायला शिकायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्यांदा हत्यारांची यादी काढतात. नागपुरात राहणाऱ्याने त्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे लाकूड वर्षभर हलत असतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, हवा कोरडीठाक होते आणि लाकूड ओलावा सोडून आकसतं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड हवेतला ओलावा ओढून फुगतं. समुद्राकाठी हवा बारमाही दमट, त्यामुळे तिथे हा फरक कमी असतो. मुंबईच्या किंवा परदेशातल्या कारागिराचा व्हिडिओ पाहून जसंच्या तसं केलेलं टेबल इथे पहिल्याच उन्हाळ्यात तडकू शकतं.

त्यात भर आपल्या कूलरची. बाहेर शेडमध्ये लाकूड वाळून खडखडीत झालेलं असतं आणि आतल्या खोलीत कूलरमुळे चादरसुद्धा दमट लागते. एप्रिलमध्ये शेडमध्ये नेमका बसवलेला ड्रॉवर कूलरच्या खोलीत गेला की काही दिवसांत अडकायला लागतो. सुताराचं माप चुकलेलं नसतं, लाकडाची हवा बदललेली असते.

हे हलणं रुंदीत होतं, लांबीत ते इतकं थोडं असतं की विसरून चालतं. फळीच्या टोकाकडे पाहा. वर्षवलयं आडवी पसरलेली दिसली तर ती फळी जास्त हलणार, उभी दिसली तर साधारण निम्मी. सागवान हे कमी हलणारं लाकूड. तरीही आडव्या वलयांची १८ इंच रुंद सागवानी फळी आतला ओलावा ६ टक्क्यांनी बदलला तर जवळपास ५ मिलिमीटर कमी-जास्त होते. ही ताकद कुठल्याही खिळ्याने किंवा गोंदाने रोखता येत नाही. रोखायला गेलं की लाकूड फाटतं, म्हणून त्याला हलायला जागा ठेवायची. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

लाकूड कुठून आणि कोणतं

नागपूरकरांना लाकडासाठी लांब जावं लागत नाही. लकडगंजात लाकडाचे व्यापारी आणि आरा मशीन शेजारी-शेजारी आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीचं, विशेषतः आलापल्लीचं सागवान देशभर नावाजलेलं आहे. अयोध्येच्या राम मंदिरासाठीचं सागवान २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेलं, आणि त्याच वर्षी उघडलेल्या नव्या संसद भवनातलं सागवान नागपूरचं. एवढं चांगलं लाकूड दाराशी असताना आपण सगळं फर्निचर पार्टिकल बोर्डचं घ्यावं, याची मला खरोखर खंत वाटते.

पण पहिलं काम नव्या सागवानात करू नका. हात बसेपर्यंत महाग लाकूड कापताना मन कचरतं आणि कचरलेल्या हाताने करवत सरळ चालत नाही. सरावासाठी पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन घ्या. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या मालाची खोकी, पॅलेट भंगारवाल्यांकडे येतात. परदेशी मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो: एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवून जंतुमुक्त केलेलं आहे, ते चालेल. एमबी असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली आहे, ते घरात आणू नका.

सराव झाला की माझ्या मते सगळ्यात चांगला माल म्हणजे जुनं सागवान. महाल, इतवारीतली जुनी घरं पडतात तेव्हा चौकटी, तुळया, फळ्या विकायला निघतात. कित्येक दशकं इथलेच उन्हाळे-पावसाळे काढलेलं हे लाकूड नव्या ओल्या लाकडासारखा दगा देत नाही. त्यात मोडलेले खिळे मात्र असतात. रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा आणि प्रत्येक खिळा काढा, नाहीतर पात्याला खाच पडलीच समजा.

इतर लाकडांचं थोडक्यात सांगतो. आंबा स्वस्त आणि कापायला सोपा, पण त्याला कीड लवकर लागते. शिवण हलकी आणि हाताला मऊ, नवशिक्याला फार सोयीची. बीजा सुंदर पण कठीण. बाभूळ शेतीच्या अवजारांना आणि बैलगाडीला उत्तम, पण पहिल्या वर्षात तिच्या वाटेला जाऊ नका, धार आणि हात दोन्ही लवकर जातात. कोणत्याही लाकडाचा सालीजवळचा पांढरट भाग टाळा. भुंगा आणि वाळवी आधी तिथेच शिरतात, सागवानातसुद्धा.

दुकानात भाव घनफुटाने सांगतात. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. ६ इंच रुंद, सव्वा इंच जाड, ६ फूट लांब फळी म्हणजे सुमारे ०.३१ घनफूट. मिस्त्री बारीक माप सुतात बोलतात: ८ सूत म्हणजे १ इंच. ही भाषा लवकर शिकून घ्या, आरा मशीनवर तिच्याशिवाय काम होत नाही. नव्या लाकडाची पावती जरूर घ्या.

नवीन चिरलेलं लाकूड आणलंत तर ते मुरवावं लागतं. सावलीत, जमिनीपासून वर, दोन फळ्यांच्या मध्ये दर दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावा. ढोबळ हिशेब एक इंच जाडीला एक वर्ष असा आहे. विदर्भातल्या उन्हात फळीची टोकं बाकीच्या फळीपेक्षा फार लवकर वाळतात आणि उभ्या चिरा पडतात, म्हणून टोकांना पहिल्याच दिवशी जाड ऑइल पेंट किंवा मेण लावून ठेवा. उन्हात टाकून लवकर वाळवण्याच्या नादी लागू नका.

हत्यारं थोडी, धार भरपूर

सुरुवातीला लागतं ते एवढंच: बारीक दात्यांची एक करवत, एक लोखंडी रंधा, तीन पटाश्या म्हणजे छिन्न्या (दोन, तीन आणि सहा सूत रुंद), मोगरी म्हणजे लाकडी हातोडा, काटकोन तपासायचा गुण्या, कडेला समांतर रेघ मारायचं मार्किंग गेज, स्टीलची पट्टी, धारदार छोटा चाकू आणि दोन-चार क्लॅम्प. हे सगळं इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं. गुण्या घेताना दुकानातच तपासा. सरळ कडेला टेकवून एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या नाहीत तर दुसरा गुण्या मागा.

नवी पटाशी दुकानातून येते तेव्हा तिला धार नसते. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. ते तशाच पटाशीने ठोकत बसतात आणि आपल्याला जमत नाही म्हणून सोडून देतात. जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर पाण्याने ओला करून ४००, मग ८००, मग १५०० नंबरचा वॉटर पेपर ठेवा. आधी पटाशीची सपाट पाठ घासा, टोकाकडचा निदान एक इंच भाग आरशासारखा होईपर्यंत. हे एकदाच करावं लागतं. मग उतरती बाजू २५ ते ३० अंशांत धरून घासा. पाठीमागे बोटाने चाचपल्यावर बारीक कणी लागली पाहिजे, सगळ्या रुंदीभर. ती आली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. आता पाठ सपाट ठेवून एक-दोन हलके हात मारून कणी काढा. पाइनच्या टोकाकडून पातळ काप घेऊन बघा. लाकूड चिरडून भुगा झाला तर परत घासायचं, स्वच्छ चकचकीत काप निघाला तर कामाला लागा. काम करताना जोर वाढवावासा वाटला की तो धार गेल्याचा इशारा समजा. बोथट पटाशी निसटते आणि हात त्याच वेळी कापतात.

मास्कचं पहिल्या दिवसापासून पाळा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत मोडते, आणि शिसवी, सागवानाच्या धुळीने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. पॉलिश पेपर मारताना तर एन-९५ लावाच.

पहिलं काम: पाट

पाट साधा दिसतो, पण लाकडाचं हलणं शिकवायला याहून चांगली वस्तू नाही. वरच्या फळ्यांचे रेषे एका दिशेला, खालच्या दोन पायपट्ट्यांचे आडवे. वरची फळी रुंदीत हलणार, पायपट्टी लांबीत हलणार नाही. दोन्ही घट्ट ठोकून टाकले की फळी मधोमध फाटते. घरोघरी माळ्यावर असे तडकलेले पाट सापडतील.

वर सांगितलेल्या एका ६ फुटी फळीत १६ इंची पाट होतो. आधी १७ इंचांचे तीन तुकडे कापा. उरलेल्यातून १४ इंच लांबीच्या, सव्वा इंच जाडी-रुंदीच्या दोन पट्ट्या काढा.

प्रत्येक तुकड्याची एक बाजू रंध्याने सपाट करा. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवून डोळा खाली नेऊन पाहा. त्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर फळीत पीळ आहे. उंच कोपरे रंधून तो काढा. रंधा रेषांच्या चढाच्या दिशेने चालवा. लाकूड उचकटायला लागलं तर फळी फिरवून उलट बाजूने या. सपाट झालेल्या बाजूवर पेन्सिलने खूण करा आणि यापुढे गुण्या, गेज कायम त्याच बाजूला टेकवा. ही शिस्त सुरुवातीला कंटाळवाणी वाटेल, पण पुढे सांधे काटकोनात येतात ते हिच्यामुळेच.

मग सांध्याच्या कडा. शेजारी येणाऱ्या दोन फळ्या मिटलेल्या पुस्तकासारख्या एकमेकींवर ठेवून शिकंज्यात (व्हाइसमध्ये) किंवा क्लॅम्पने धरा आणि दोन्ही कडा एकदमच रंधा. रंधा थोडा कलला तरी उघडून जोडल्यावर दोन्ही कल एकमेकांना भरून काढतात. दोन्ही फळ्या कडेवर कड उभ्या ठेवून उजेडाकडे धरा. टोकांना उजेड दिसता कामा नये.

सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. कडा रंधल्या त्याच दिवशी, स्पिरिटच्या फडक्याने पुसून लगेच फेव्हिकॉल लावा. उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा रात्री करा. दुपारी क्लॅम्प आवळेपर्यंत गोंदावर साय धरलेली असते. क्लॅम्प कमी असतील तर जमिनीवरच्या जाड फळीला दोन पट्ट्या ठोका, मध्ये पाट बसवा आणि उरलेल्या फटीत दोन्हीकडून पाचरी मारा. जुने मिस्त्री अजून असंच करतात. बाहेर आलेला गोंद थोडा घट्ट झाला की पटाशीने सोलून काढा. एक दिवस हात लावू नका.

आता खरी मेख. प्रत्येक पायपट्टीला तीन भोकं पाडा. मधलं भोक स्क्रूच्या मापाचं गोल. दोन्ही टोकांकडची भोकं मात्र लांबट, पट्टीच्या लांबीच्या दिशेने स्क्रूपेक्षा ५ मिलिमीटर जास्त. गोंद लावायचाच असेल तर फक्त मधल्या दीड इंचात. पट्टी रंधून १ इंच जाडीची झाली की स्क्रूचं डोकं वॉशरसकट पाव इंच आत जाईल असा खड्डा करा आणि सव्वा इंची पितळी स्क्रू घाला. वरची फळी रंधून सात सूत उरली असेल तर स्क्रू त्यात अर्धा इंचच जातो, वर डोकावत नाही. स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक पाडा, नाहीतर पितळेची मान तुटते. टोकांचे स्क्रू आवळून पाव फेरा मागे घ्या. आता फळी मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे मोकळेपणाने हलू शकते. शेवटी पाट १६ इंचांना काटकोनात कापून कडा रंध्याने हलक्या मारा.

दुसरं काम: स्टूल

स्टूलमध्ये कुसू आणि भोक शिकायचं. पायाच्या लाकडात चौकोनी भोक पाडायचं आणि आडव्या पट्टीच्या टोकाला त्यात बसणारं कुसू काढायचं. खुर्ची, टेबल, पलंग, दाराची चौकट, सगळीकडे हाच सांधा आहे. हा आला की बाकीचं फर्निचर आवाक्यात येतं, म्हणून याला घाई करू नका. पाइनच्या तुकड्यांवर चांगला सराव झाल्याशिवाय सागवानाला हात लावू नका.

दीड इंची चौरस पाय, सव्वादोन इंच रुंद आणि सात-आठ सूत जाड आडव्या पट्ट्या घ्या. कुशाची जाडी पट्टीच्या सुमारे एक-तृतीयांश, म्हणजे तीन सूत. ती पट्टीवर मोजून ठरवू नका, तुमच्या तीन सुती पटाशीच्या रुंदीवर गेज लावा. भोक पटाशीच्याच मापाचं होणार आहे. त्याच गेजने पाय आणि पट्टी दोन्हींवर रेघा मारा.

पाय वरच्या बाजूने पाऊण इंच जास्त लांब ठेवा. भोक टोकाजवळ येतं आणि ठोकताना तिथे लाकूड फाटतं. हा जादा तुकडा सांधा बसेपर्यंत आधार देतो, नंतर कापून टाकायचा. भोक नेहमी आधी. मधून सुरुवात करा, पटाशी सरळ उभी धरा, थोडं-थोडं ठोकत टोकांकडे जा, आणि टोकाची रेघ अगदी शेवटी कापा. खोली १ इंच. पायाच्या शेजारच्या दोन बाजूंची भोकं आत एकमेकांना मिळतात, म्हणून कुशांची टोकं ४५ अंशांत कापावी लागतात.

कुसू कापताना रेघ चाकूने मारलेली असावी आणि करवत टाकाऊ बाजूने चालावी, रेघ शिल्लक राहिली पाहिजे. मग पटाशीने तासत-तासत बसवा. हाताच्या जोराने शिरावं आणि उलटं धरल्यावर गळून पडू नये, इतपत घट्ट हवं. मोगरीने घणाघात करून शिरवलेलं कुसू भोकाच्या भिंती फोडतं.

सगळं एकदा गोंदाशिवाय जोडून पाहा. समोरासमोरच्या कोपऱ्यांची दोन्ही तिरकी अंतरं मोजा, सारखी आली की चौकट काटकोनात. गोंद भिंतींना पातळ लावा, आत डबकं झालं तर कुसू खोलवर जात नाही. सांधा पक्का करायचा असेल तर गोंद वाळल्यावर आरपार भोक पाडून वाळलेल्या बांबूची खुंटी ठोका. आपल्या भागातल्या जुन्या दारांच्या चौकटी याच खुंट्यांवर उभ्या आहेत.

वरची बैठक पाटासारखी जोडून घ्या आणि पट्ट्यांना घट्ट चिकटवू नका. आतल्या बाजूने लांबट भोकाचे स्क्रू किंवा पट्टीच्या खाचेत अडकणारे लाकडी गुटके लावा. पुढे दारं-ड्रॉवर करायला लागाल तेव्हा एक नियम लक्षात ठेवा: मे महिन्यात बसवत असाल तर फट जास्त सोडा, लाकूड पावसात फुगणार आहे. ऑगस्टमध्ये बसवत असाल तर जवळपास घट्ट ठेवा, ते आकसणारच आहे. शिकायला सुरुवात करायची तर दिवाळीनंतर करा. डिसेंबर-जानेवारीची हवा लाकडाला, गोंदाला आणि माणसाला तिघांनाही मानवते.

शेजारी चांगला मिस्त्री असेल तर त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवशी बसण्याची परवानगी मागा. "दादा, नुसतं पाहू द्या" एवढं म्हटलं तरी बरेच जण हातात रंधा देतात. रीतसर शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड असतो.

पॉलिश

१२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरू करून १८०, मग २४०. रेषांच्या दिशेनेच घासायचं. रंध्याचा हात चांगला बसला असेल तर १२० ची गरजही पडत नाही.

नवशिक्याला मी जवसाचं तेल सुचवेन, आपल्या विदर्भातलंच पीक आहे. खाण्याचं कच्चं तेल फार सावकाश वाळतं, म्हणून डबल बॉइल्ड घ्या. पातळ हात लावा, वीस मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसा, एक दिवस सोडा, असे तीन-चार हात. चकाकी हवी असेल तर चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश: एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ते २५० ग्रॅम रात्रभर भिजवून, गाळून, कापसाच्या बोळ्याने पातळ हात. भर पावसाळ्यात चपडा लावू नका, दमट हवेत तो पांढुरका पडतो. गरम पाण्याचा पेला टेकणार असेल अशा जागी चपडा टिकत नाही, तिथे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरं.

काहीही लावा, खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्या. खालची बाजू उघडी राहिली की ती लवकर वाळते-भिजते आणि फळी वाकते.

तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि ढिगातली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. नागपूरच्या मे महिन्यात तर हा धोका फारच खरा आहे. फडकी मोकळ्या जागेत दोरीवर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

तयार झालेल्या स्टूलची बैठक रेषांच्या आडव्या दिशेने मोजा आणि तो आकडा महिन्यासकट खालच्या बाजूला पेन्सिलने लिहा. मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये परत मोजून शेजारी लिहा. तुमच्या घरात, तुमच्या कूलरजवळ लाकूड नेमकं किती हलतं हे त्या तीन आकड्यांतून कळेल. पुढच्या टेबलाची फट त्यावरूनच ठरवा.